खेळून पाहिलेली कॅसेट

दादाचा धंदा दातांचा. दात काढायचा नव्हे, करायचा. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि दादा त्यांवरून कवळ्या घडवायचा. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत आणि पॉलिशच्या मोटरच्या घरघरीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं. आसपासची निम्मी म्हातारी माणसं आपल्या जिवावर हसतात, असं तो म्हणायचा. हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता की ऐकणाऱ्यांनी हसणं कधीच सोडून दिलं होतं. दादा स्वतः मात्र दर वेळी मनापासून हसायचा.

कवळ्यांबद्दल कोणी विचारलं तर दादा दोन वाक्यांत आटपायचा. कॅसेटबद्दल विचारण्याची चूक मात्र कोणी करू नये. एकदा तो विषय निघाला की समोरचा चहा गार व्हायचा, पाहुण्याची बस चुकायची, तरी दादाचं आपलं चालूच.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या व्हिडिओ गेमची. जाडजूड, प्लास्टिकची, मशीनच्या खाचेत खुपसायची. चालली नाही की बाहेर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. फुंकरीने काही होत नाही, उलट थुंकीने आतल्या पट्ट्या गंजतात, हे दादा भेटेल त्याला सांगायचा आणि कोणी बघत नसलं की स्वतः फुंकर मारायचा. ते मशीन काढणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. पण ते संपलं हे दादासारख्या काही लोकांना मान्यच नव्हतं. ही मंडळी त्याच मशीनसाठी नवे खेळ लिहायची आणि घरी बसून, हाताने, एकेक करून त्यांच्या कॅसेट करायची. का, असं विचारू नये. काही लोक पोपट पाळतात, काही लोक हे करतात.

दादाच्या कॅसेटचं एक वैशिष्ट्य होतं. बाकीचे लोक जुन्या, टाकाऊ कॅसेट फोडून त्यांची खोकी वापरायचे. दादा खोकंसुद्धा स्वतः ओतायचा, आणि तेही कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये. लॅबमध्ये उरलेली पावडर, तोच साचा करायचा रबरी माल, तीच पॉलिशची मोटर. पहिली कॅसेट साच्यातून निघाली तेव्हा ती थेट हिरड्यांच्या रंगाची होती. धाकट्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "दादा, ही चावेल." पुढे दादाने काळा रंग मिसळायला सुरुवात केली, पण जाणकार लोक त्या पहिल्या गुलाबी कॅसेट अजून मागायचे.

हा धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा तो अजून शाळेत होता. दादाने कॉलेज सोडलं, लॅबमध्ये चिकटला, आणि पहिल्या पगारातून घरात काय आणावं तर कोणाचं तरी वापरलेलं ते मशीन. नातेवाइकांनी नावं ठेवली. घरात खायचे वांधे आणि हा खेळ आणतोय. पण त्या घरात तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि टीव्हीतून निदान काहीतरी आवाज यायचा. दादा कामावरून आला की दोघं भाऊ खाटेला टेकून बसायचे. धाकटा खेळायचा, दादा बघायचा.

दादाला खेळता येत नव्हतं. अजिबात. त्याचे अंगठे म्हणजे बारीक कोरीव कामाला पहिल्या नंबरचे, पण डोळ्यांनी पाहिलेलं अंगठ्यांपर्यंत पोचेपर्यंत खेळातला माणूस खड्ड्यात पडलेला असायचा. धाकट्याचं उलट होतं. त्याच्या हातात बटणं आली की तो खेळ त्याचाच. पुढे दादा खेळ लिहू लागला तेव्हाही हे बदललं नाही. खेळ दादाचा, पण त्याचा शेवट गाठणारा धाकटाच. स्वतःच्याच खेळाच्या शेवटापर्यंत दादा जन्मात कधी पोचला नव्हता, आणि याची त्याला लाज सोडाच, फुशारकी वाटायची. "मी नुसता स्वयंपाकी," तो म्हणायचा. "जेवणारा हा."

त्यातूनच घरातली रीत पडली. हाताने केलेल्या कॅसेटमध्ये चिपचे पाय सोल्डर करावे लागतात, आणि एखादा पाय नुसता टेकल्यासारखा राहून जातो. याला ड्राय सोल्डर म्हणतात, म्हणजे कच्चा डाग. वरून दिसायला सगळं ठीक. त्यातही वरच्या टोकाचा पाय कच्चा राहिला तर गंमत अशी की अर्धा खेळ बिनबोभाट चालतो, आणि पुढचा भाग लागला की सगळं बोंबलतं. दादाचे डोळे आता पूर्वीचे राहिले नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक कॅसेट धाकट्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळायची, मग खोक्याच्या आतल्या बाजूला मार्करने एक टिकली काढायची, आणि मग दादाने स्क्रू आवळायचे. घेणाऱ्यांना हे माहीत होतं. एकाने केलेली आणि दुसऱ्याने खेळून पाहिलेली कॅसेट, अशी त्यांच्या मालाची ख्याती होती.

मधल्या काळात धाकट्याचं लग्न झालं. दादा त्या भानगडीत पडलाच नाही. तिघं एकाच घरात राहायचे. मागची खोली दादाची, तिथे त्याचं टेबल. पलीकडच्या खोलीत टीव्ही आणि मशीन. भावजय समंजस होती. थोरल्या दिराच्या खोलीतून जळक्या प्लास्टिकचा वास आला तर ती खिडकी उघडायची आणि काही बोलायची नाही.

मग आला 'किल्लीवाला'. दादाचा सगळ्यांत मोठा खेळ. एक किल्ल्या करणारा कारागीर, खांद्यावर जुडगा घेऊन एका उंचच उंच इमारतीत चढतो आणि मजल्यामजल्यावर अडकलेल्या लोकांची दारं उघडत जातो. शेवटचं दार गच्चीवर. हा खेळ लिहायला दादाला कित्येक वर्षं लागली. खालच्या मजल्यांना एक चाल, वरच्या मजल्यांना दुसरी, अशी दोन गाणीसुद्धा त्याने स्वतः रचली. आणि एक हौस केली. कोणी बटणांना हात लावला नाही की खेळ आपला आपण सुरू व्हायचा, पूर्वी दुकानाच्या काचेतल्या टीव्हीवर गिऱ्हाईक ओढायला असायचा तसा. त्यासाठी दादाने धाकट्याला पहिले काही मजले खेळायला लावले आणि त्याने दाबलेलं प्रत्येक बटण जसंच्या तसं खेळात भरलं. त्या वेळी धाकटा एका जिन्यावर धडपडला होता. "ते काढ ना," तो म्हणाला होता. दादाने मुद्दाम ठेवलं. माणूस खेळतोय असं वाटतं म्हणाला.

कॅसेट होऊ लागल्या. धाकट्याने एकदा सुचवून पाहिलं, "दादा, एखादी चोरवाट ठेव. बटणं अमुक क्रमाने दाबली की थेट वरच्या मजल्यावर. प्रत्येक वेळी सगळं कशाला खेळायचं?"

"चोरवाट ठेवली की लोक शोधून काढतात," दादा म्हणाला. "आणि खेळून पाहिलेली म्हणायची तर खेळून नको पाहायला?"

विषय तिथेच संपला. निदान दादापुरता.

ते दिवस दादाच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते, हे सांगितलंच पाहिजे. संध्याकाळी तो टेबलाशी बसायचा. नाकावर भिंग, हातात सोल्डरिंगची सळई, आणि भिंतीपलीकडून 'किल्लीवाल्या'चे आवाज. उडी, उडी, किल्ली फिरल्याची खटखट, दार उघडल्याची टिंग. मधूनच टेबलावरची छोटी पॉलिशची मोटर लावावी लागे, तेवढे बुडायचे. मोटर बंद केली की पुन्हा सुरू. दादा त्या चालीवर गुणगुणायचा. जेवायला बसल्यावर धाकटा तयार कॅसेट पुढे ठेवायचा, आत टिकली काढलेली. "शेवटापर्यंत?" दादा विचारायचा. "शेवटापर्यंत," धाकटा म्हणायचा. पहिल्या काही कॅसेटनंतर दादाने खेळाच्या शेवटात थोडा बदल केला होता. त्याबद्दल धाकट्याला तो काही बोलला नाही. त्याने स्वतःच पाहावं, अशी इच्छा होती. मग एका जेवणात दादाने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवा शेवट बरा वाटला का रे?" धाकट्याने ताटातून मान वर केली नाही. "मस्त आहे," एवढंच म्हणाला. दादाने भावजयीकडे बघून डोळे मिचकावले. त्याला वाटलं, पोरगा भरून आलाय, बोलवत नाहीये त्याला.

जुन्या खेळांच्या शौकिनांचा वर्षातून एकदा मेळावा भरायचा. एका सभागृहात लांबच लांब टेबलं मांडायची, ज्याने त्याने आपापली मशीनं लावायची. दादाने आपल्या टेबलावर मेळाव्यापुरता ठेवलेला दुसरा टीव्ही आणि मशीन लावलं, 'किल्लीवाला' चालू केला आणि खुर्चीवर पाय लांब करून बसला. आधी घेऊन गेलेली माणसं येऊन कौतुक करतील, अशी त्याची अपेक्षा होती. पहिल्या आल्या त्या ग्रंथपाल बाई. एका वाचनालयात काम करायच्या, दादाचे सगळे खेळ त्यांच्याकडे होते. त्यांनी पिशवीतून कॅसेट काढून हलकेच टेबलावर ठेवली.

"माझंच काही चुकत असेल," त्या म्हणाल्या, "पण वरच्या मजल्यावर पाऊल टाकलं की पडदा नुसता खडूने रेघोट्या ओढल्यासारखा होतो. तीन मशीनवर लावून पाहिली."

"तुमचं मशीन खराब असेल."

"तिन्ही?"

"बाई, प्रत्येक कॅसेट माझ्या भावाने शेवटपर्यंत खेळलेली आहे," दादा जरा चढ्या आवाजात म्हणाला. "आत त्याची टिकली आहे. फुंकर मारली असेल तुम्ही."

बाईंनी कॅसेट त्याच्यापुढे सरकवली. त्यांच्या मागे एक दाढीवाला उभा होता, त्याच्याही हातात कॅसेट होती आणि तक्रार तीच. दादाने त्यालाही उडवून लावलं. भाऊ खोटा ठरण्यापेक्षा सगळ्या जगाची मशीनं खराब निघणं त्याला सोपं वाटत होतं. मग तो पाठमोरा होऊन आपल्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. म्हटलं, उघडून दाखवू टिकली, म्हणजे तोंडं बंद होतील.

मागे टीव्हीवरचा खेळ कोणी खेळत नव्हतं, त्यामुळे तो आपला आपण सुरू झाला. उडी, उडी, खटखट, टिंग. उडी, आणि धप्प. जिन्यावरची धडपड. क्षणभर काही नाही, मग पुन्हा उडी.

दादाचा पिशवीतला हात तसाच राहिला. त्याने मान वळवली नाही. खेळ फिरून पहिल्यापासून सुरू होईपर्यंत तो तसाच वाकून ऐकत राहिला. पुन्हा उडी, उडी, खटखट, टिंग, उडी, धप्प. हेच. भिंतीपलीकडून येत होतं ते अगदी हेच, श्वासाश्वासाला हेच. आणि मग त्याला दुसरी गोष्ट सुचली, ती जास्त वाईट होती. वरच्या मजल्यांची दुसरी चाल त्याने एवढी जीव ओतून रचली होती. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर ती त्याला भिंतीपलीकडून कधी ऐकूच आली नव्हती. आणि आपल्याच चालीची उणीव आपल्याला जाणवली नाही. भाऊ खेळतोय या आनंदात त्याने कान बंद करून घेतले होते.

धाकट्याने नुसती शेंडी लावली नव्हती. दादाने प्रेमाने त्याचा हात जपून खेळात भरला होता, आणि त्याच हाताने त्याने दादाला फसवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, असं दादाला वाटलं आणि सभागृहातल्या सगळ्या आवाजांचा त्याला एकदम राग आला. त्याने ग्रंथपाल बाईंची क्षमा मागितली, दाढीवाल्याची मागितली, टीव्ही आणि मशीन आवरलं आणि घरी आला.

धाकटा टीव्हीच्याच खोलीत होता. मशीनवर 'किल्लीवाला' चालू होता आणि हा कानांत इयरफोन घालून फोनवर मॅच बघत पडला होता. खेळ सवयीने लावून ठेवलेला; दादा इतक्या लवकर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. दादाला पाहून त्याने बटणं उचलली. मग ठेवली.

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझ्याशी नाटकं करू नकोस."

धाकटा उठून बसला. "पहिल्या चार-दोन खेळलो. नंतर नाही."

"का?"

"कंटाळा आला, दादा. मला नाही आवडत आता हे. कधीपासूनच नाही आवडत."

"मग तोंड नव्हतं तुला? सांगायचं ना."

"कोणाला? तुला? चोरवाट मागितली तर तू ऐकलं नाहीस. मी दिवसभर राबून येतो, आल्या आल्या तू हातात कॅसेट ठेवतोस. एकदा तरी विचारलंस, खेळतोस का म्हणून? आणि कच्चे डाग काही मी दिले नव्हते. ते तुझेच."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून दादाला जास्तच झोंबलं. भावजय दारात येऊन उभी राहिली होती. "मी यांना किती वेळा म्हटलं, दादांना सांगा म्हणून," ती हळूच म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं. घरात माहीत नव्हतं ते फक्त एकाला.

"डागांचं जाऊ दे," दादा म्हणाला. "ते माझे. मी परत देईन, हात जोडेन लोकांना. मला एकच सांग. नवा शेवट मस्त आहे म्हणालास. काय आहे शेवटी?"

धाकटा टीव्हीकडे बघू लागला, जणू तिथे उत्तर दिसेल.

"सांग ना."

"गच्चीवरचं दार उघडतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. टाळ्या वाजतात. खजिना असतो."

दादा वळला. आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्याला रडू आलं नाही. त्याला स्वतःची शरम वाटली. इतके दिवस ताटात मान घालून बसलेल्या माणसाकडे बघून तो मनात लाजला होता, सुखावला होता, आणि तो माणूस फक्त कधी एकदा जेवण संपतंय याची वाट पाहत होता.

पुढच्या दिवसांत दादाने विकलेल्या सगळ्या कॅसेट परत मागवल्या. घेणाऱ्यांना त्याने खरं काय ते सांगितलं, भावाचं नाव मध्ये न आणता. खेळून पाहिलेल्या नाहीत, चूक माझी, एवढंच. आल्या तशा त्या उघडल्या, भिंगाखाली एकेक पाय पुन्हा सोल्डर केला, आणि आतली टिकली स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. टिकली चटकन जायची. मार्करचीच तर होती. दोघं भाऊ एकाच घरात जेवत होते, पण मीठ मागण्यापुरतं बोलणं उरलं होतं. धाकट्याने जवळच दोन खोल्या बघितल्या. दादाने अडवलं नाही.

दुरुस्त केलेल्या कॅसेट कोण खेळून बघणार, हा प्रश्न होताच. ग्रंथपाल बाई आपली कॅसेट न्यायला आल्या तेव्हा त्याच म्हणाल्या, "मी खेळते की. इथेच बसून. नाहीतरी मला शेवट बघायचाय." त्या चपला काढून खाटेला टेकून बसल्या आणि खेळू लागल्या. चांगलं खेळायच्या. दादा शेजारी खुर्ची ओढून बसला. शेजारच्या खोलीत धाकटा आणि भावजय नव्या घरी न्यायच्या सामानाची खोकी भरत होते. चिकटपट्टी ओढल्याचा चरचर आवाज येत होता. बाई वरच्या मजल्यांवर पोचल्या. दुसरी चाल लागली. दादाने खुर्चीचा हात धरला. पडदा स्वच्छ होता. मजले मागे पडत गेले, आणि गच्चीवरचं दार आलं, आणि बाईंनी किल्ली फिरवली.

दारामागे एक खोली होती. दोन खाटा, एक टीव्ही, टीव्हीपुढे पाठमोरी बसलेली दोन मुलं. एक मोठं, एक लहान. लहानाच्या हातात बटणं. खाली अक्षरं एकेक करून उमटू लागली. बाई वाचनालयाच्या सवयीने ती हलक्या आवाजात वाचू लागल्या, "हा खेळ मी केला. पण खेळायला तू होतास म्हणून केला. धाकट्या, आता..." इथे त्या थांबल्या. हे आपल्यासाठी नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी बटणं मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

आपलं खोकं घेऊन धाकटा दारात आला होता. कित्येक दिवसांत न ऐकलेली ती दुसरी चाल त्याला पलीकडून ऐकू आली असणार. तो आत डोकावला तेव्हा दादा उठून टीव्हीसमोर उभा होता, आणि त्याचा हात टीव्हीच्या बटणावर होता. त्याने ते दाबलं.

"संपला का खेळ?" धाकट्याने विचारलं. कितीतरी दिवसांनी त्याने आपणहून काही विचारलं होतं. "काय आहे शेवटी?"

"दार उघडतं," दादा म्हणाला.

धाकट्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग त्याने खोकं दुसऱ्या हातात घेतलं आणि जिना उतरून गेला.